दख्खनी मेंढी आणि सुंदरबनची पाहुणी



इतिहास म्हटला की गडकोट आणि सनदा डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज मेंढराचा इतिहास सांगावयास उभे आहोत. कोणी हसले तरी चालेल. माणदेशातल्या धनगराची चूल कोकराच्या विक्रीवर पेटते, सनदेवर नव्हे.

दख्खनी मेंढी मोठी काटक. मैलोगणती चालावी, मिळेल त्या पाल्यावर जगावे, हा तिचा धर्म. तिच्या राठ लोकरीच्या घोंगडीला पूर्वीसारखे गिऱ्हाईक राहिले नाही. उत्पन्न काय ते मटणाचे. आणि एका वेताला कोकरू बहुधा एकच. ते दगावले की वेत फुकट गेले.

अठराव्या शतकात इंग्लंडातील डिशली येथे रॉबर्ट बेकवेलने निवडक मेंढ्यांपासून लवकर मांस धरणारी जात घडविली. मग आपणही थोराड विलायती मेंढे आणावेत? पण थोराड जनावराला चाराही थोराड लागतो, तो माणात कोठला!

१९६८ साली फलटणला बनबिहारी निंबकरांनी कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिने शोध घेतला तो बंगालच्या सुंदरबनात. तिथली गरोळ मेंढी दिसावयास अगदीच किरकोळ, पण जुळी-तिळी देणारी. १९९० नंतरच्या दशकात तिचा दख्खनीशी संकर सुरू झाला.

येथे इतिहासाची एक गंमत पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या. पुढे तेथील बुरूला नावाच्या मेरिनो कळपात जुळ्यांची विलक्षण रेलचेल दिसली. २००१ साली तीन निरनिराळ्या संशोधक-गटांना तिचे कारण असलेला जनुक सापडला, आणि लवकरच तोच गरोळमध्येही आढळला. घरचे बियाणे परदेश हिंडून ओळखू आले, असे म्हणावयास हरकत नसावी.

आता रक्त तपासून जनुक असलेली कोकरे निवडता येऊ लागली. त्यांचा संकर पुन्हापुन्हा दख्खनीशीच करावयाचा, म्हणजे गरोळचा ठेंगणेपणा गळतो आणि जुळ्यांचा गुण टिकतो. अंगावर मांस यावे म्हणून म्हैसुराकडची बन्नूर, दूध आणि वाढ यांसाठी इस्रायलची अवासी, याही या घराण्यात आल्या. यातून ‘नारी सुवर्णा’ ही जात झाली. बनबिहारी निंबकर २०२१ साली निवर्तले. हे काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी पुढे नेले.

जुळे म्हणजे दुप्पट लाभ, हा हिशेब मात्र कागदावरचा आहे. जुळी जन्मतः हलकी असतात आणि आईचे दूध दोघांत वाटले जाते. कित्येक मेंढपाळांना दोन अशक्त कोकरांपेक्षा एक ठणठणीत बरे वाटते, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. वाडा हलला की नुकती जन्मलेली कोकरे चालू शकत नाहीत; ती घोड्यावरच्या बोजावर बसवून न्यावी लागतात, आणि घोड्याची पाठ काही लांब होत नाही.