फायब्रोमायल्जिया : एका निदानाची कुळकथा

रक्ततपासणीत न सापडणाऱ्या, एक्स-रेत न दिसणाऱ्या आणि तरीही वर्षानुवर्षे अंगभर ठणकत राहणाऱ्या दुखण्याला आज फायब्रोमायल्जिया म्हणतात. या निदानाचे मूळ १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने कंबरदुखीवरील व्याख्यानात वापरलेल्या ‘फायब्रोसायटिस’ या नावात आहे. स्नायूंतील तंतुमय ऊतींना दाह होतो, असे त्याचे अनुमान होते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली तो दाह पुढे कोणाला खात्रीने दाखवता आला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयांतील अशाच तक्रारींवर ‘मनोजन्य संधिवात’ असा शिक्का बसला. मनाकडे बोट दाखवले गेले ते मनात काही सापडले म्हणून नव्हे, तर शरीरात काही सापडले नाही म्हणून. निदान वजाबाकीने झाले.

१९७५ मध्ये टोरांटोच्या मोल्डोफ्स्की आणि स्माइथ यांनी निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप आवाजाने मोडून पाहिली, तेव्हा त्यांचेही अंग तसेच दुखू लागले. पुढल्याच वर्षी दाह वगळणारे आजचे नाव रूढ होऊ लागले. १९९० च्या निकषांनी दाबल्यावर दुखणारे १८ पैकी किमान ११ बिंदू मागितले. २०१० च्या निकषांनी ही मोजणी सोडून दिली.

महाराष्ट्रात अशा दुखण्यांची शिस्तशीर नोंद पुणे जिल्ह्यातील भिगवणला झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने, म्हणजे आधी दुखणे विचारायचे आणि मग रोग शोधायचा या क्रमाने, संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून तेथे घरोघरी पाहणी केली. सांधे-स्नायूंची दुखणी सुमारे १८ टक्के प्रौढांत आढळली, आमवात मात्र जेमतेम अर्धा टक्का. उरलेल्यांत गुडघ्यांची झीज होती, तशी कोणत्याच ठरीव नावात न बसणारी दुखणीही होती. शहरात असा रुग्ण बहुधा ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला घेऊन परततो.

क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशी इतक्या संवेदनशील होतात, की साधा स्पर्शही वेदना ठरतो. फायब्रोमायल्जियातही अशीच अतिसंवेदनशीलता असते, असे मानले जाते. त्यामुळेच ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरील औषध या आजारात दिले जाते, आणि डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरवले असे रुग्णाला वाटते. वास्तविक ते मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या वेदनारोधक मार्गांना बळ देते, मग रुग्णाला नैराश्य असो वा नसो.