आमचो की भायरचो? : तेरेखोलच्या काठावरून फुटबॉलचा बाजार

खेळाच्या इतिहासात विजेत्यांच्या याद्या असतात, गोलांची मोजदाद असते, करारांच्या रकमा असतात. चाहत्यांचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. चाहता जे बोलतो ते पारावर, बसमध्ये, हॉटेलातल्या दूरचित्रवाणीसमोर बोलतो आणि ते तिथेच विरते. तरीही त्या बोलण्यातले काही शब्द टिकून राहतात, आणि शब्द टिकले की त्यांच्या आधाराने मागचा इतिहास थोडाफार वाचता येतो. आम्ही येथे दोन शब्दांचा मागोवा घेणार आहोत : ‘आमचो’ आणि ‘भायरचो’. गोव्याच्या कोंकणीत दुसऱ्या शब्दाला ‘भायलो’ म्हणतात. भारतातल्या अव्वल फुटबॉलचा गेल्या तीस वर्षांचा बाजार, त्यातली खेळाडूंची ये-जा आणि त्यावरचे चाहत्यांचे मत या दोन शब्दांभोवती फिरत आले आहे, असे आम्हांला वाटते.

हा मागोवा आरोंद्याहून घेण्याला कारण आहे. सावंतवाडी तालुक्यातले हे गाव तेरेखोल नदीच्या काठावर आहे. किरणपाणीचा पूल ओलांडला की पेडणे तालुका, म्हणजे गोवा. जिल्हा सिंधुदुर्ग, राजधानी मुंबई, पण रोजचे व्यवहार, सोयरिकी आणि आता नोकऱ्याही बऱ्याच अंशी पलीकडच्या. १९६७च्या जनमत कौलाने गोवा महाराष्ट्रात विलीन होणार नाही हे ठरले आणि नदी ही सीमा म्हणून कायम झाली. अशा गावात ‘आमचो’ या शब्दाला एकच एक अर्थ राहत नाही. सिंधुदुर्गातली मैदाने मुख्यतः क्रिकेटची. फुटबॉल येथे नदीपलीकडून येतो, आणि येताना हा प्रश्न घेऊनच येतो : पलीकडचा संघ आपला म्हणावा काय?

प्रथम बाजाराविषयी. इंग्लंडमध्ये १८९३ पासून अशी पद्धत रुजली की क्लबच्या परवानगीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, करार संपला तरीही. १९०५ मध्ये आल्फ कॉमन हा खेळाडू संडरलंडहून मिडल्सब्रोला गेला तेव्हा हजार पौंड मोजले गेले आणि माणसाची अशी किंमत करावी काय, यावर तिथल्या वृत्तपत्रांत गदारोळ झाला. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने ही पद्धत अन्याय्य ठरवली आणि १९९५च्या बोस्मान निकालाने करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात मोकळा झाला. म्हणजे ज्याला आपण आज ‘बाजार’ म्हणून नावे ठेवतो, तो एका बाजूने पाहता खेळाडूच्या मुक्तीचाही इतिहास आहे. चाहत्याच्या रागात ही बाजू क्वचितच येते.

मराठीने या व्यवहारासाठी योजलेले शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. ‘खरेदी-विक्री’ म्हटले की गुरांचा बाजार आठवतो. ‘हस्तांतरण’ जमिनीचे होते. ‘बदली’ सरकारी नोकराची होते. हाच ‘बदली’ शब्द मैदानावर राखीव खेळाडूसाठी वापरला जातो, आणि मुंबईच्या गिरण्यांत तो रोज सकाळी दारावर उभ्या राहणाऱ्या कामगारासाठी होता. कायमचा माणूस आला नाही तरच त्याला काम मिळे. कोकणातल्या किती घरांतून असे बदली कामगार गिरणगावात गेले! तेव्हा कराराच्या मागे घर सोडून जाणारा माणूस कोकणी वाचकाला अपरिचित नाही. त्याला आपण चाकरमानी म्हणतो, आणि चतुर्थीला तो परत आला की त्याची वाट पाहिलेली असते. खेळाडू गेला की मात्र आपण त्याला पैशाला विकला गेलेला म्हणतो. हा भेद का, हे पुढे पाहू.

गोव्याच्या क्लबांचे वैभव आधी सांगायला हवे. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि १९९८-९९ मध्ये साळगावकर संघाने ती जिंकली. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत (२००७ पासून या स्पर्धेला आय-लीग म्हणू लागले) देशाचे विजेतेपद आठ वेळा गोव्यात आले : पाच वेळा डेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. मधले एक, २००५-०६चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे. पंधरा लाखांच्या आतबाहेर लोकवस्ती असलेल्या प्रदेशाने कोलकात्याच्या मातब्बर क्लबांना दहा वर्षे मागे ठेवावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या वैभवामागे मुख्यतः खनिज लोहाचा पैसा होता. साळगावकर आणि डेंपो ही खाणमालकांची घराणी. साहित्याच्या अभ्यासकाने येथे आणखी एक नोंद करावी. १९६२ मध्ये चौगुले या खाण उद्योजकांनी ‘गोमन्तक’ सुरू केला, आणि ‘नवप्रभा’ हे दैनिक डेंपो समूहाचे. म्हणजे स्वतंत्र गोव्यात मराठी वृत्तपत्र ज्या धनावर उभे राहिले त्याच प्रकारच्या धनावर फुटबॉलचा क्लबही उभा होता. सामना खेळवणारे आणि सामन्याचे वर्णन छापणारे घर कधीकधी एकच होते. पुढे ‘गोमन्तक’ सकाळ समूहाकडे गेला. वाचकांनी त्याला ‘विकला गेला’ म्हणून टाकले नाही. सकाळी तो दारात पडत राहिला आणि ते वाचत राहिले.

आता खेळाडूंकडे वळू. गोव्याचा आल्विटो डिकुन्हा २००२ मध्ये साळगावकर सोडून कोलकात्याच्या ईस्ट बंगालला गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. त्या काळी गोव्याच्या गुणी पोराने कोलकात्याला जाणे म्हणजे मोठ्या पेढीवर नोकरी लागणे. महेश गवळी ईस्ट बंगाल आणि महिंद्र युनायटेड असा फिरून डेंपोत स्थिरावला. समीर नाईकने बहुतेक कारकीर्द डेंपोतच काढली. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ मध्ये डेंपोत आला, आठ वर्षे राहिला, पाचही विजेतेपदांत त्याचा वाटा होता, आणि २०१२ मध्ये तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडला गेला. जन्माने आमचा असलेला आल्विटो कोलकात्याचा झाला आणि भायरचा रँटी आठ वर्षे आमचा होता. शब्दांची अदलाबदल येथेच सुरू होते.

या अदलाबदलीचे सर्वांत करुण उदाहरण क्रिस्तियानो ज्युनियरचे. ब्राझीलचा हा आघाडीपटू २००३-०४ मध्ये ईस्ट बंगालकडून खेळला. लीगमध्ये त्याने सर्वाधिक गोल केले आणि ईस्ट बंगालने विजेतेपद मिळवले. पुढच्याच मोसमासाठी डेंपोने त्याला आपल्याकडे आणले. तेव्हाच्या हिशेबात हा मोठा सौदा होता. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध त्याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. डेंपोने चषक जिंकला, त्या मोसमाची लीगही जिंकली, आणि दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

क्रिस्तियानो गोव्याच्या संघात मोजके महिने होता. त्याला कोंकणी येत असण्याचे कारण नाही. कराराने आला होता, कराराने गेलाही असता. तरीही गोव्याच्या फुटबॉलच्या आठवणींत त्याच्याइतका ‘आमचो’ दुसरा कोणी नसेल. यावरून एवढे दिसते की चाहत्याच्या कोशात हा शब्द जन्मावर ठरत नाही, आणि केवळ काळावरही ठरत नाही. तो अंगावरच्या कपड्यासाठी काय दिले यावर ठरतो. बाजार खेळाडूला संघात आणू शकतो. त्याला ‘आमचो’ करणे बाजाराच्या हातात नाही.

इथवर चाहत्याचे तत्त्वज्ञान टिकून होते, कारण खेळाडू बदलले तरी क्लब जागेवर होते. पुढच्या दशकात क्लबच हलले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबवल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यात जुने क्लब नव्हते, शहरांच्या नावांचे नवे संघ होते. गोव्याच्या नव्या संघाच्या मालकांत साळगावकर आणि डेंपो घराण्यांतली माणसे होती, प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचा झिको आला आणि फातोर्ड्याचे मैदान भरून गेले. पण जुन्या क्लबांना अव्वल स्पर्धेत जागा नाही, हे महासंघाच्या आराखड्यात स्पष्ट झाल्यावर २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपोने त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून परतण्याचा हक्क मिळवला होता. त्यानेही तो सोडला. २०१९ मध्ये सुपर लीगला देशातील अव्वल स्पर्धेचा दर्जा मिळाला. पाच विजेतेपदे नावावर असलेला डेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला तो दुसऱ्या पायरीवर.

खेळाडू गेला तर रागवायला एक माणूस सापडतो. क्लब गेल्यावर कोणावर रागवावे? नव्या संघाला जुन्या चाहत्यांनी आपले म्हटले. आमच्या मते ती निष्ठेची उणीव नव्हती. गोव्याचे नाव ज्या कपड्यावर असेल त्याच्या मागे जाण्याची ती रीत होती.

मग २०२० साल आले आणि आरोंद्याचा प्रश्न उघडा पडला. एफसी गोवा गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना त्या वर्षीच्या जानेवारीअखेर प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना दूर करण्यात आले. डेंपोचा जुना खेळाडू क्लिफर्ड मिरांडा याने उरलेला मोसम सांभाळला आणि साखळी फेरीची ढाल गोव्याने मिळवली. नंतर लोबेरा मुंबई सिटीला गेले आणि त्यांच्या पाठोपाठ गोव्याचे चार खेळाडू गेले : अहमद जाहू, ह्युगो बूमूस, मुर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई. मुंबई सिटीवर २०१९ पासून मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाचे वर्चस्व होते. पहिले तिघे परदेशचे. मंदार गोव्याचा, डेंपोतून आलेला, पहिल्या मोसमापासून एफसी गोवात असलेला. साथीमुळे तो संपूर्ण मोसम गोव्यातच, रिकाम्या मैदानांत खेळवला गेला. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर ६-५ असे हरवले आणि पुढे फातोर्ड्यावरच चषक उचलला.

नदीच्या या काठावरच्या माणसाने कोणाच्या बाजूने उभे राहावे? नकाशा म्हणतो मुंबई. ज्याचा काका परळला आयुष्य काढून आला त्याला मुंबई परकी नाही. पण खेळ ज्या वाटेने गावात आला ती वाट किरणपाणीची. आणि मंदारला ‘विकला गेला’ म्हणायचे तर आपल्या घरातून मुंबईला गेलेल्या प्रत्येकाला तेच म्हणावे लागेल. चांगल्या पगारासाठी, मोठ्या पेढीसाठी गोव्याचा मुलगा मुंबईला गेला, यात कोकणाला नवे काय? मघाशी विचारलेल्या भेदाचे उत्तर येथे आहे. चाकरमान्याकडून आपली अपेक्षा परत येण्याची असते, आणि तो येतो. खेळाडूकडूनही आपण नकळत तीच अपेक्षा धरतो. त्याच्या करारात मात्र चतुर्थीची रजा लिहिलेली नसते. चाहत्याचा राग अन्यायाचा असेल, पण तो ज्या दुःखातून येतो ते दुःख या किनाऱ्यावर फुटबॉलहून जुने आहे.

इतरत्र चाहत्यांनी काय केले हेही पाहावे. २०२० मध्ये मोहन बागानचे एटीके या संघाशी विलीनीकरण झाले आणि शंभरी ओलांडलेल्या क्लबच्या नावापुढे तीन अक्षरे चिकटली. कोलकात्याच्या चाहत्यांनी तीन वर्षे तक्रार लावून धरली. १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्यावर चषक जिंकल्यानंतर मालकांनी ती अक्षरे काढत असल्याचे जाहीर केले. बंगालच्या चाहत्याला आपले नाव परत मिळाले, तेही गोव्याच्या मैदानात. गोव्याच्या चाहत्याचे जुने नाव मात्र परत आले नाही. आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला जावे तर तिथे आणखी एक रीत दिसते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणतात. खेळाडू बदलतात, पेठ बदलत नाही. तालीम विकायची तर पेठ विकावी लागेल.

२०२५ने या कहाणीला आणखी एक वळण दिले. २२ ऑक्टोबरला सौदी अरेबियाचा अल नस्र फातोर्ड्यावर खेळला. रोनाल्डो संघाबरोबर आला नाही. गोवा १-२ असा हरला, पण गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलाने केला. त्याच वर्षी महासंघ आणि स्पर्धाचालक कंपनी यांच्यातला करार संपत आल्याने सुपर लीगचा मोसम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही, आणि डिसेंबरात मँचेस्टरच्या समूहाने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. बाजाराने खेळाडू नेले, मग क्लब नेले, आता मालकही आले तसे गेले.

जागेवर राहिला तो एकटा चाहता. त्याच्यासाठी बदलीची मुदत नाही, करार नाही, किंमत नाही. म्हणूनच ‘आमचो’ म्हणायचा अधिकार त्याच्याकडे उरतो आणि तो तसा उदारपणेच वापरला गेला आहे : ब्राझीलच्या एका तरुणाला काही महिन्यांत तो मिळाला. आरोंद्याचा चाहता तर स्वतः पलीकडच्या संघाला भायरचो. तो ज्यांना आपले म्हणतो त्यांच्या यादीत तो कुठे आहे, हे त्याला कोणी विचारले नाही. तरी तो म्हणत राहतो, आणि आम्हांला वाटते, आपलेपणाचा इतिहास लिहायचा तर तो अशा काठावरच्या माणसापासून सुरू करावा.