तेल अल्पसंख्याकांचे, सूत्र बहुसंख्याकांचे

ज्या देशात तेल किंवा खनिज सापडते, तिथले सरकार लोकांकडून कर गोळा करण्यात ढिले पडते आणि मग लोकांना जुमानेनासे होते, असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. त्याला ते 'संसाधनांचा शाप' म्हणतात. निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे, पण हा शब्द मला मान्य नाही. शाप म्हटले की ऋषी आला, आणि ऋषी आला की जबाबदार माणूस सुटला. आपल्या पूर्वजांना कर्मफळ ऐकवणाऱ्यांचीही हीच युक्ती होती. तिजोरी कशातून भरायची आणि त्यातले कोणाला किती द्यायचे, हे माणसे ठरवतात. त्या निर्णयांना तारखा असतात. नायजेरियातल्या तारखा पाहू.

तेलापूर्वी तिथली सरकारे शेतकऱ्याच्या घामावर चालत. पश्चिमेत कोको, उत्तरेत भुईमूग, पूर्वेत पामतेल. त्यावर निर्यात-कर आणि शिवाय डोईपट्टी. हा कर अन्यायाचा होता, पण त्याला एक दुसरी बाजू होती. 1929 साली पूर्व भागातल्या बायकांना कळले की पुरुषांपाठोपाठ आता त्यांच्यावरही कर बसणार. हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. इंग्रजांच्या गोळीबारात 50 हून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. पण स्त्रियांवर कर बसला नाही आणि इंग्रजांनी लादलेल्या मुखियांची सद्दीही संपत गेली. पुढे 1968-69 मध्ये पश्चिमेतल्या कोको शेतकऱ्यांनी 'आग्बेकोया' उठाव केला, तेव्हा लष्करी राजवटीलाही कर खाली आणावा लागला. ज्याच्या पैशावर सरकार चालते त्याच्याकडे एक हत्यार असते: तो पैसा देणे थांबवू शकतो.

आता वाटणीचे पाहू. 1954 पासून देशात तीन प्रांत होते. उत्तरेत हौसा-फुलानींचे बहुमत, पश्चिमेत योरुबांचे, पूर्वेत इग्बोंचे. ज्या प्रांतातून महसूल निघतो, त्याला त्याचा मोठा वाटा परत, असे तत्त्व ठरले. भुईमूग आणि कोको बहुसंख्याकांच्या शेतात पिकत होता, तोवर हे तत्त्व सर्वांना न्याय्य वाटत होते! 1958 च्या रेस्मन आयोगाने खनिजांच्या रॉयल्टीलाही ते लावले: 50 टक्के उगमाच्या प्रांताला, 30 टक्के सर्व प्रांतांच्या सामाईक निधीला, 20 टक्के केंद्राला.

पण दोनच वर्षे आधी, 1956 मध्ये, नायजर नदीच्या मुखाजवळ ओलोइबिरी गावात तेल लागले होते. हे गाव इजॉ लोकांचे. पुढे ओगोनींच्या भूमीतही तेल निघाले. बहुतांश तेल अशा लहान समाजांच्या जमिनीखाली होते, जे तीनपैकी एकाही बहुमतात बसत नव्हते. त्यांनी स्वातंत्र्याआधीच विलिंक आयोगापुढे जाऊन सांगितले होते की, आम्हाला बहुसंख्याकांच्या प्रांतात भीती वाटते, वेगळी राज्ये द्या. 1958 च्या अहवालात आयोगाने भीती खरी मानली, राज्ये मात्र नाकारली. घटनेत मूलभूत हक्क लिहू आणि त्रिभुज प्रदेशासाठी विकास मंडळ नेमू, एवढ्यावर बोळवण झाली. मंडळ आणि महामंडळ देऊन सत्तेचा प्रश्न गुंडाळण्याची ही तऱ्हा आपल्या परिचयाची आहे.

मे 1967 मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, जनरल गोवॉन यांनी प्रांत मोडून 12 राज्ये केली. अल्पसंख्याकांना अखेर रिव्हर्स नावाचे राज्य मिळाले. तोवर तेलाचा निम्मा वाटा पूर्वेच्या इग्बोबहुल प्रांतिक सरकारला जाई. आता तो त्यांच्या स्वतःच्या राज्याला मिळायला हवा होता. मिळाला का? 1969 च्या फर्मानाने सारे तेल केंद्राच्या मालकीचे झाले. 1970 मध्ये उगमाचा वाटा 45 टक्के, 1971 मध्ये समुद्रातले सगळे तेल केंद्राचे, 1975 मध्ये वाटा 20 टक्के, आणि 1980 च्या दशकात अवघा दीड टक्का. 1978 च्या जमीन फर्मानाने तर जमिनीवरचा हक्कही राज्याच्या गव्हर्नरकडे गेला. राज्य हातात आले आणि तिजोरी निघून गेली.

'राष्ट्रीय एकतेसाठी' हे करावे लागले, असे तेव्हा सांगितले गेले. गरीब राज्यांनाही वाटा मिळावा, हा मुद्दा खोटा नाही, मीही तो मानतो. पण मग ही एकता भुईमुगाच्या वेळी कुठे होती?

1970 मध्ये केंद्राच्या उत्पन्नात तेलाचा वाटा साधारण पाव होता. 1974 मध्ये तो 80 टक्क्यांच्या वर गेला. चार वर्षांत! आता शेतकऱ्याकडून कर घेण्याची गरजच राहिली नाही. कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचले जात, ते याच दशकात नाहीसे झाले. त्यात दुष्काळाचाही हात होता. 1979 नंतर कानो आणि कडुनाच्या डाव्या सरकारांनी डोईपट्टी आणि गुरांवरचा कर रद्द केला. गरिबाच्या मानेवरचे जोखड उतरले, त्याचे स्वागतच. पण बड्यांवर कर बसवणारी यंत्रणा त्या जागी उभी राहिली नाही. गेल्या दशकातही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत नायजेरियाचा करमहसूल जगातल्या सर्वांत कमी करमहसुलांपैकी एक होता.

आणि 1929 च्या बायकांकडचे हत्यार ओगोनींकडे उरले नाही. सरकारला त्यांचा कर नकोच होता, त्यांच्या पायाखालचे तेल हवे होते. सुमारे 5 लाखांचा हा समाज. 1990 मध्ये त्यांनी आपल्या हक्कांचा जाहीरनामा काढला आणि स्वतःच्या संपत्तीत न्याय्य वाटा मागितला. 4 जानेवारी 1993 रोजी सुमारे 3 लाख लोक शांततेने मोर्चात आले. त्यांचे नेते, लेखक केन सारो-विवा यांना आणि आठ सहकाऱ्यांना लष्करी राजवटीने 10 नोव्हेंबर 1995 रोजी फासावर चढवले. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेला ओगोनींच्या एका गावातल्या पिण्याच्या पाण्यात बेंझिन हे विष सुरक्षित मर्यादेच्या 900 पटींहून अधिक आढळले.

बाबासाहेबांनी ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर 1925 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रांतांचे उत्पन्न हक्काचे नसून केंद्राच्या मर्जीचे कसे होते ते उलगडले आहे. पुढे भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत फरक केला: पहिले घडते आणि बदलते, दुसरे जन्मानेच ठरलेले असते. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की नायजेरियाचे कोडे उलगडते. जन्माने ठरलेल्या बहुमताच्या हाती वाटणीचे सूत्र असेल, तर ओगोनी कितीही निवडणुका लढले तरी ते सूत्र बदलू शकत नाहीत.

तेल आले म्हणजे हे होणारच, असे म्हणणाऱ्यांनी नॉर्वे पाहावा. तिथे 1969 मध्ये तेल लागले, तरी लोकांवरचे भारी कर चालूच राहिले आणि तेल कंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्के कर आहे.

1999 च्या घटनेने नायजेरियात उगमाचा वाटा किमान 13 टक्के केला. हा पैसा राज्य सरकारांकडे जातो, विहीर बिघडलेल्या गावाकडे नाही. मधल्या काळात तेलाचे उत्पन्न डळमळले आणि केंद्र पुन्हा कराकडे वळले: 1994 मध्ये 5 टक्के मूल्यवर्धित कर, 2020 मध्ये साडेसात. या कराचा मोठा भाग लागोसमधून, म्हणजे योरुबांच्या महानगरातून येतो. 2024 मध्ये त्याच्या वाटणीत उगमाला अधिक वजन देणारे विधेयक आले, तेव्हा उत्तरेच्या गव्हर्नरांनी विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये सर्व गव्हर्नरांनी तोडगा सुचवला: 50 टक्के समान, 20 टक्के लोकसंख्येनुसार आणि 30 टक्के उगमाला. तेलाचे मात्र 13 च राहिले.