रंग तपासायचा, तर रंग काढून टाका

भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे राष्ट्रीय प्रसारण १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले. पद्धत होती ‘पाल’. जर्मन अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी १९६३ मध्ये दाखवलेली. १९५३ च्या अमेरिकन पद्धतीत रंगसंदेशाची कला वाटेत सरकली, की चेहरे हिरवट दिसत. ‘पाल’मध्ये एका रंगघटकाची कला ओळीआड उलटी होते, लागोपाठच्या ओळींतील चुका एकमेकींना खोडतात.

संचातील शेवटच्या टप्प्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. तेथे लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे तीन स्वतंत्र विवर्धक चित्रनलिकेच्या मानेपाशी असत. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत जोड गंजतात. निळा विवर्धक मंदावला, तर पडद्यावरचा हापूस शोभूनच दिसे. पण पांढरा सदराही पिवळा होई.

दोष कुठे, हे संच न उघडता कसे कळे? रंगाचे बटण शून्यावर आणायचे. आता तिन्ही विवर्धकांकडे उजेडाचा एकच संदेश जातो, म्हणून चित्र कृष्णधवल दिसायला हवे. तरी छटा उरली, तर दोष बहुधा विवर्धकांत किंवा नलिकेत. छटा गेली, तर आधीच्या रंगपरिपथात.

वर्गात विचारून पाहा: निळा कमी झाल्यावर पिवळाच का दिसतो?