सतारीचं वजन १२ किलो, बिल ४४ किलोचं! परदेशात वाद्य पाठवणं इतकं महाग का?

मिरजेत मनासारखी सतार मिळाली. आता ती अमेरिकेत राहणाऱ्या भाचीला पाठवायची आहे. पण कुरिअरचा दर ऐकला आणि वाटलं, हा आपल्याला फसवतोय की काय? बहुतेक वेळा तसं नसतं. हा आकडा कुठून येतो, ते समजून घेऊया.

वजन कमी, मग बिल जास्त कसं?

विमानात जागा मोजकी असते. त्यामुळे कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात: काट्यावरचं आणि आकारावरचं. जे जास्त असेल, त्याचे पैसे लागतात. आकारावरचं वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५,००० ने भागायचं.

समजा, सतारीचं खोकं १३५ × ४० × ४० सेंमी आहे. आकारावरचं वजन येतं ४३.२ किलो, बिलात ते ४४ धरलं जाऊ शकतं. किलोला ६०० रुपये दर धरला, तर १२ किलोचे ७,२०० रुपये झाले असते. प्रत्यक्षात लागतील २६,४००.

सगळ्याच वाद्यांचं असं होतं का?

नाही. तबला-डग्गा आटोपशीर आणि वजनदार असतो, त्यामुळे दोन्ही वजनांत फार फरक पडत नाही. सर्वात महाग पडतो तो तानपुरा. भोपळा मोठा, दांडी लांब आणि आत बहुतेक पोकळीच. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाड्याचं गणित त्याने बदलत नाही.

भाड्याशिवाय आणखी काय खर्च?

- पॅकिंग: भोपळा आतून पोकळ असतो, एका दणक्यात तडकतो. हार्ड केस आणि बाहेरून मजबूत खोकं लागतंच.
- विमा: भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या आधारे मिळते. कर वाचवायला किंमत कमी दाखवली, तर वाद्य फुटल्यावर भरपाईही तेवढीच कमी मिळते. शिवाय ती खोटी माहिती ठरते.
- तिकडचा कर: अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात शुल्कातून सूट होती. ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. हा कर सहसा पार्सल घेणाऱ्याला भरावा लागतो, त्यामुळे त्याला आधीच कल्पना द्या.

वाद्य कस्टम्समध्ये कशामुळे अडकू शकतं?

शिसवी लाकूड, हस्तिदंत आणि सांबरशिंग याबाबत काळजी घ्या. शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून बहुतांश सूट आहे. हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असेल, तर पाठवू नका. सतार बहुधा तुणाच्या लाकडाची असते. बिलावर लाकडाचं नाव आणि घोडी कशाची आहे, हे लिहून घ्या.

आजोबांचं वाद्य १०० वर्षांहून जुनं असेल, तर ते पुरावशेष ठरू शकतं. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

खर्च कमी कसा करायचा?

- वरचा तुंबा फिरवून निघत असेल, तर वेगळा ठेवा. वरच्या खोक्याची रुंदी-उंची ५-५ सेंमीने घटली, तर सुमारे १० किलोचं भाडं वाचतं. मात्र भोपळ्याभोवतीचं पॅडिंग कमी करू नका.
- तारा सैल करा, घोडी नीट गुंडाळा.
- एअर कार्गोचाही दर विचारा. तिथे सहसा ६,००० ने भागतात, म्हणजे हेच खोकं ३६ किलोचं धरलं जातं. पण अनेकदा विमानतळावर जाऊन कस्टम्सचं काम स्वतः करावं लागतं.
- जहाजाने पाठवताना अनेकदा किमान एक घनमीटरचं भाडं घेतात. त्यामुळे चार-पाच वाद्यं एकत्र असतील तरच परवडतं.
- कार्यक्रमासाठी नेऊन परत आणायचं असेल, तर 'एटीए कार्ने' घ्या. तो मानणाऱ्या देशांत आयात शुल्क भरावं लागत नाही. भारतात तो 'फिक्की' ही संस्था देते.

थोडक्यात, सतार पसंत केली की लगेच पैसे देऊ नका. आधी केससकट मापं घ्या, भागाकार करा आणि मगच बजेट ठरवा.