एका अहवालाने वाचवलेलं चर्च

आज थोडं फ्रान्समधलं. बर्गंडी भागात एका टेकडीवर वेझले नावाचं छोटंसं गाव आहे. तिथलं मेरी मॅग्डालीनचं चर्च बाराव्या शतकातलं. ११२० च्या आगीनंतर त्याचं मोठं दालन नव्याने बांधलं गेलं. अर्धगोल कमानी, त्यात एक दगड फिकट तर एक गडद. ११४६ मध्ये याच गावात संत बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली.

पण दगडी छताचं वजन भिंतींना पेलवेना, त्या बाहेर झुकल्या. पुढे राज्यक्रांतीनंतर मठाच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक, लेखक प्रोस्पेर मेरिमे तिथं पोचला. चर्चची अवस्था बघून त्याने सरकारला कळवलं. १८४० मध्ये दुरुस्तीचं काम मिळालं व्हियोले-ल-द्युकला. वय फक्त २६! काम १८५९ पर्यंत चाललं. त्याने जुन्यात आपल्या मनाचं नवं मिसळलं, ही टीका आजही होते आणि ती खोटी नाही. पण तो नसता तर टीका करायला चर्च तरी उरलं असतं का?

वास्तू नुसत्या भक्तीने टिकत नाहीत. कुणीतरी वेळेवर जाऊन बघावं लागतं, लिहावं लागतं. आणि वर बसलेल्यांनी ते वाचून पैसेही द्यावे लागतात.