चलनी नाण्याचा हक्क : ब्रिटनमधील वेतनकायद्यांची कथा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीतील गुरुजनांचे एक चित्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. महिन्याच्या आरंभी कार्यालयातील लांबलचक पगारपत्रक टेबलावर उघडलेले असावे, लिपिकाने महसुली तिकीट ओले करून चिकटवावे आणि मास्तरांनी चष्मा सावरून त्यावर आडवी सही करावी. सही करण्यापूर्वी ते रकान्यांवरून एकदा बोट फिरवीत. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, कपात, हाती येणारी रक्कम. आजचे व्याख्यान त्या बोटाखालून सरकणाऱ्या रकान्यांविषयी आहे. ते रकाने आले कोठून?

‘पगार’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ चुकते करणे. वेतन म्हणजे मालकाची कृपा नव्हे, ते त्याने चुकते करावयाचे देणे आहे, ही जाणीव या एका शब्दात साठलेली आहे. मात्र ती कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास युरोपात काही शतके लागली. त्यासाठी मी ब्रिटनचा इतिहास निवडला आहे. कारखानदारी तेथे प्रथम फोफावली, तिचे दोष तेथे प्रथम उघडे पडले आणि तेथील कायद्यांची सावली पुढे आपल्यावरही पडली.

पहिला प्रश्न अगदी साधा होता : मजुरी द्यावयाची कशात? इंग्लंडमध्ये १४६४ सालीच एका कायद्याने कापडव्यापाऱ्यांना बजावले होते की, विणकर व कातकरी यांना खऱ्या, चलनी नाण्यातच मजुरी द्यावी, मालाच्या रूपाने देऊ नये. अर्थात तेव्हाही माल गळ्यात मारला जात होता. या प्रथेला इंग्रजीत ‘ट्रक’ म्हणत. त्या शब्दाचा रस्त्यावरच्या वाहनाशी संबंध नाही. अदलाबदल या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून तो आला.

औद्योगिक क्रांतीनंतर या प्रथेने उग्र रूप धारण केले. खाणीच्या किंवा लोखंडाच्या कारखान्याच्या आसपास दुसरी बाजारपेठ नसे. मालक स्वतःच दुकान काढी. त्याला ‘टॉमी शॉप’ असे नाव होते. कामगाराला नाण्याऐवजी त्या दुकानावरची चिठ्ठी मिळे, आणि तेथील पीठ, चहा, साखर बाहेरच्यापेक्षा महाग आणि हलक्या प्रतीची असे. म्हणजे मजुरी एका हाताने दिली जाई आणि नफ्यासह दुसऱ्या हाताने परत घेतली जाई. डिझरायली यांनी १८४५ च्या ‘सिबिल’ या कादंबरीत अशा दुकानाचे चित्र रेखाटले आहे. पुढे पंतप्रधान झालेल्या गृहस्थाला हा विषय कादंबरीत घ्यावासा वाटला, यावरून त्याचा बोलबाला ध्यानात येईल.

आपल्याकडील बलुतेदारीत धान्याच्या रूपाने मोबदला मिळे, मग त्यात वाईट ते काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. बलुतेपद्धतीचे दोष वेगळे आणि गंभीर आहेत. परंतु टॉमी शॉपमधील कामगाराने आकडा ठरवून मजुरी कबूल केलेली असे आणि त्या आकड्याचे मोल नंतर मालक एकट्याने ठरवी. अन्याय होता तो येथे. नाणे खिशात असलेला मनुष्य दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, चार पैसे शिल्लक टाकू शकतो, गाव सोडू शकतो. चिठ्ठी खिशात असलेला मनुष्य यांतले काहीच करू शकत नाही.

१८३१ च्या ट्रक अॅक्टने ठराविक धंद्यांत मजुरी चलनी नाण्यातच देण्याचे बंधन घातले. मालाच्या रूपाने दिलेली मजुरी ही न दिल्यासारखीच धरली जाई आणि कामगार ती पुन्हा वसूल करू शके. पहिल्या गुन्ह्यास ५ ते १० पौंड दंड होता. घरगुती नोकर व शेतमजूर मात्र वगळलेले होते. कायदा कागदावर चोख होता. परंतु त्याची अंमलबजावणी करणारा अधिकारीच नेमलेला नव्हता. दाद मागायची ती कामगाराने स्वतः, आणि ज्याच्याकडे उद्या कामाला जायचे त्याच्याच विरुद्ध. हातावर पोट असलेला मनुष्य ते धाडस कसे करणार? १८७१ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा चाळीस वर्षांतील पळवाटा उजेडात आल्या. पगाराचे दिवस मुद्दाम लांब अंतरावर ठेवलेले असत. मधल्या काळात उचल मागावी लागे. उचल नाण्यातच मिळे, पण ती कंपनीच्या दुकानात खर्च करावी अशी अपेक्षा असे. जो तसे करीत नसे त्याला पुढची उचल मिळणे कठीण होई. कायद्याचे अक्षर पाळले जात होते आणि त्याचा प्राण काढून घेतला जात होता.

१८८३ मध्ये दारूच्या गुत्त्यात मजुरी वाटण्यास बंदी आली. १८८७ मध्ये ट्रक कायद्याची व्याप्ती बहुतेक सर्व अंगमेहनतीच्या कामगारांपर्यंत वाढली आणि अंमलबजावणी सरकारी निरीक्षकांकडे सोपविली गेली. १८३१ आणि १८८७ या दोन सालांमधील फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावा. पहिल्या साली हक्क जन्मला, दुसऱ्या साली त्याला हातपाय फुटले.

दुसरा प्रश्न होता कपातीचा. नाणे दिले, पण किती कापून? नॉटिंगहॅम व लेस्टर परिसरातील मोजे विणणाऱ्यांना माग भाड्याने घ्यावा लागे आणि ते भाडे मजुरीतून कापले जाई. काम कमी मिळाले तरी भाडे चुकत नसे. ही कपात १८७४ च्या कायद्याने बंद झाली. दंडाची कपात त्याहून सर्रास होती. उशिरा आल्याबद्दल, बोलल्याबद्दल, हसल्याबद्दलही दंड होत. १८९६ च्या ट्रक अॅक्टने दंड अजिबात बंद केला नाही, पण त्याला शिस्त लावली. कोणत्या कृत्यास किती दंड हे लेखी करारात किंवा ठळक जागी लावलेल्या सूचनेत आधी सांगितलेले असावे, दंड वाजवी असावा, बिघडलेल्या मालाबद्दलची कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक नसावी आणि प्रत्येक दंडाची नोंद वहीत व्हावी. ब्रिटनमध्ये १८९३ साली पहिल्या दोन स्त्री कारखाना-निरीक्षक नेमल्या गेल्या होत्या. बायकामुलींवर होणाऱ्या अशा कपातींचा माग काढण्यात पुढे स्त्री-निरीक्षकांनी मोठी कामगिरी बजावली.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : मजुरी किमान किती असावी? १९०९ मध्ये व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ट्रेड बोर्ड्‌स अॅक्ट आणला. साखळ्या बनविणे, तयार कपडे शिवणे, कागदी खोकी बनविणे आणि यंत्रावरील लेसची अखेरची कारागिरी, अशा चार धंद्यांत किमान दर ठरविण्याची सोय झाली. बर्मिंगहॅमजवळील क्रॅडली हीथ येथे बायका घरामागच्या छोट्या भट्ट्यांवर घण मारून साखळ्या घडवीत. त्यांच्यासाठी तासाला अडीच पेन्स हा दर ठरला. अनेकींची मिळकत त्याने जवळजवळ दुप्पट होणार होती. मालकांनी कायद्यातील एका सवलतीचा आधार घेऊन, सहा महिने आम्हांस वाढीव दर नको, अशा कागदांवर त्यांच्या सह्या घेण्याचा घाट घातला. पुष्कळजणींना तो कागद वाचताही येत नव्हता. मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली त्या १९१० मध्ये दहा आठवडे झुंजल्या आणि जिंकल्या. देणग्यांतून उरलेल्या निधीतून तेथे कामगारांसाठी सभागृह उभे राहिले. सर्व धंद्यांना लागू होणारे राष्ट्रीय किमान वेतन मात्र १ एप्रिल १९९९ रोजी अमलात आले. तेव्हा प्रौढांसाठी तो दर तासाला ३ पौंड ६० पेन्स होता. एप्रिल २०२५ मध्ये तो १२ पौंड २१ पेन्स झाला.

आतापर्यंत सामना मालक आणि कामगार यांच्यात होता. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने पगारपत्रकात तिसरा पक्ष आला, तो म्हणजे राज्यसंस्था. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज १९०८ मध्ये जर्मनीतील विमापद्धती पाहून आले होते. पुरुष कामगाराचे आठवड्याला ४ पेन्स, मालकाचे ३ आणि सरकारचे २, अशी वर्गणी ठरली. मालकाने पोस्टातून तिकिटे आणून कामगाराच्या कार्डावर चिकटवावयाची आणि कामगाराचा वाटा मजुरीतून कापावयाचा. घरच्या मोलकरणींसाठी आम्ही का तिकिटे चाटावीत, म्हणून लंडनमधील प्रतिष्ठित स्त्रियांनी मोठी निषेधसभा घेतली. तिकिटे १९७५ पर्यंत टिकली, त्यानंतर ही वर्गणी प्राप्तिकराबरोबर गोळा होऊ लागली.

प्राप्तिकराच्या कपातीची हकीकत आपल्याला विशेष जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये सामान्य कामगार प्राप्तिकराच्या वाटेला जात नसे. युद्धखर्चामुळे कोट्यवधी कामगार करदाते झाले. गेल्या वर्षाच्या मिळकतीवरचा कर यंदाच्या पगारातून कापला जाई, आणि यंदा मिळकत घटली की घरात हलाखी येई. यावर ‘कमवाल तसे भरा’ ही पद्धत निघाली. तिच्यात प्रत्येकास एक संकेतांक आणि मालकास कोष्टके मिळत, आणि वर्षारंभापासूनच्या एकूण मिळकतीचा हिशेब दर पगाराला नव्याने होई. ही घडण मुख्यतः पॉल चेंबर्स यांची. १९३७ ते १९४० या काळात ते भारत सरकारचे प्राप्तिकर-सल्लागार होते, आणि पगारातून मुळाशीच कर कापण्याची रीत भारतात त्यापूर्वीपासून चालू होती. ज्या दिवशी योजना जाहीर व्हावयाची त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ रोजी, अर्थमंत्री किंग्जली वुड यांचे निधन झाले. ६ एप्रिल १९४४ पासून ती अमलात आली, तेव्हा अर्थमंत्री होते सर जॉन अँडरसन, बंगालचे माजी गव्हर्नर.

पुढे १९६३ च्या कायद्याने नोकरीच्या अटी लेखी मिळण्याचा हक्क दिला आणि १९७५ च्या कायद्याने तपशीलवार वेतनचिठ्ठीचा. १९८६ च्या वेज अॅक्टने जुने ट्रक कायदे रद्द केले, कारण बँकखात्याच्या युगात नाण्याचा हट्ट कालबाह्य झाला होता. मात्र कायदा, करार किंवा आगाऊ लेखी संमती यांवाचून कपात नाही, हे तत्त्व राहिले. २०१३ पासून तर मालकाला प्रत्येक पगाराचा तपशील पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी करखात्यास कळवावा लागतो.

१९३६ चा आपला वेतन प्रदान अधिनियम पाहा. त्यात वेतन ठराविक दिवसांत द्यावे, दंड कशाबद्दल हे आधी जाहीर करावे, तो रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक नसावा आणि वहीत नोंदवावा, असे नियम होते. १८९६ च्या वहीचे हे भारतीय भावंड. २०१९ च्या वेतन संहितेने तो अधिनियम आपल्यात सामावून घेतला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

मित्रहो, छोटा कारखाना किंवा दुकान चालविणारे आपल्यातले माजी विद्यार्थी म्हणतील, हे सारे नोंदीचे ओझे आमच्याच माथी का? त्यांची तक्रार खोटी नाही. सरकारचा कर आणि विम्याची वर्गणी मालक बिनमोल गोळा करतो, हे खरेच आहे. तरीही त्या प्रत्येक रकान्यामागे कोणाचे तरी बुडालेले दाम आहे. आपल्या याच इंदूर शहरात १९९१ साली बंद पडलेल्या एका कापडगिरणीतील कामगारांची देणी चुकती होण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. कित्येकांच्या वतीने ते पैसे त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी स्वीकारले. हक्क असणे आणि तो वेळेवर हाती पडणे यांत केवढे अंतर असते, हे या शहराला इंग्लंडच्या इतिहासातून शिकण्याची गरज नाही.

आपले मास्तर सही करण्यापूर्वी रकान्यांवरून बोट फिरवीत, ते अविश्वासाने नव्हे. आपल्या श्रमाचा हिशेब आपल्याला वाचता यावा, हा त्यांचा स्वाभिमान होता. क्रॅडली हीथच्या बायकांपुढे तो कागद आला तेव्हा त्यांतील पुष्कळजणींना तो वाचता येत नव्हता. शाळा कशासाठी असते, याचे एक उत्तर मला तेथे सापडते.